पानातलं मीठ

"हलू नका," मी म्हणाले.

"मी कुठं हलतोय? काटा हलतोय."

आमच्या माजघरात तांदळाची पोती तोलायचा जुना लोखंडी काटा होता. डॉक्टर मुळीकबाईंनी सांगितल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी ह्यांना त्यावर उभं करत असे. हे धोतर सावरून छताकडे बघत उभे राहायचे, आणि मी वजनं सरकवता सरकवता देवाला विनवत असायचे. त्या सकाळी काटा पुन्हा वरच गेला. जेवणात मीठ नाही, पाणी तांब्याने मोजून, गोळी वेळेवर, आणि माणूस कालच्यापेक्षा जड.

ह्यांना खुर्चीवर बसवून मी नडगीवर अंगठा दाबला. मळलेल्या कणकेत रुतावा तसा तो आत गेला. अंगठा काढला तरी खड्डा तिथंच. तो भरून यायची वाट बघत मी खाली बसून राहिले. हे म्हणाले, चहा तरी टाक, खड्डा काही पळून जात नाही.

ह्यांचं बोलणं असंच. मला मात्र हसू येत नव्हतं. वैशाखात आमच्या शलाकाचं लग्न होतं. वाईच्या आसपास वामन आचारी म्हटलं की लोक मुहूर्त मागेपुढे करायला तयार असायचे, आणि ह्याच वामन आचाऱ्यांनी, म्हणजे ह्यांनी, लेक पाळण्यात होती तेव्हापासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हिच्या लग्नात दुसऱ्या कुणाचा झारा चालणार नाही. आणि मुळीकबाई सांगत होत्या की हृदय थकलंय, पाणी पुढे ढकलायला कमी पडतंय. ते आधी पायात साठतं, मग छातीत. सूज उतरली नाही तर लग्नाच्या दिवशी हे मांडवात नसतील, साताऱ्याला दवाखान्यात असतील. त्यापुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला ते ऐकू आलंच.

बाईंनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. मी बंद केलं. माझा स्वभावच तसा. कमी म्हणजे किती, ह्यावर ह्यांच्याशी रोज घासाघीस कोण करणार? मिठाची बरणी मी शेजारी देऊन टाकली. लोणची, पापड, सांडगी मिरच्या, सगळं तिच्यामागोमाग गेलं. शलाका पुण्याला नोकरीला, घरात आम्ही दोघंच. आधी ह्यांना वाढायचं आणि ह्यांचं झालं की मागाहून मी जेवायचं, हा आमचा लग्नापासूनचा रिवाज. हे ओटीवर सुपारी कातरत बसले की मी माझं पान घ्यायचे. मी वाढलं की हे अळणी भाजीचा पहिला घास घेऊन थांबायचे आणि म्हणायचे, "तू सुटलीस बाई, तुला पथ्य नाही." मी म्हणायचे, गप जेवा.

पहिले काही आठवडे सगळं छान चाललं. सूज ओसरली. पायात वहाण चढेना म्हणून हे टाच चुरगाळून चालत होते, ते पुन्हा नीट घालायला लागले. रात्री उशाला तीन उशा लागायच्या, त्यातली एक मी कपाटात ठेवली. आणि मग पसरणी गावी ह्यांचं मुंजीचं काम झालं, आणि तिथून काटा जो वर चढायला लागला तो थांबेचना.

मुंजीचं सांगण्याआधी ह्यांच्या दोन रीती सांगायला हव्यात. नैवेद्य दाखवायच्या आधी हे पदार्थाला जीभ लावत नसत. वासावर आणि हातावर सगळा स्वयंपाक. नैवेद्य झाला की आमटीचे चार थेंब तळहातावर घेऊन चाटायचे आणि काही कमीजास्त असेल तर तेव्हा सारखं करायचे. दुसरी रीत पंगत उठल्यावरची. बाकीचे आचारी तेव्हा भिंतीला टेकून तंबाखू मळतात. हे पानं उचलणाऱ्यांच्या वाटेत जाऊन उभे राहायचे. पानात सगळ्यात आधी वाढतात ते मीठ. ती चिमूट उष्ट्या पानात जशीच्या तशी परत आली तर आपला हात बरोबर, असा ह्यांचा हिशेब. तोंडावर सगळे छानच म्हणतात, असं म्हणायचे. त्या चिमटीपुढे ह्यांना कुणाच्या कौतुकाची मातब्बरी नव्हती.

पसरणीला काय झालं ते मला हौसाबाईंनी सांगितलं. त्या ह्यांच्या हाताखाली किती वर्षं होत्या ते त्यांनाही आठवत नसे. नैवेद्य झाल्यावर ह्यांनी आमटी चाखली, कपाळाला आठी घातली, म्हणाले, खारट झालीय. आणि चांगलं कळशीभर आधण तिच्यात ओतलं.

"वैनी, आमटी खारट नव्हती," हौसाबाई म्हणाल्या. "पर मालकाला मी कोण सांगणार?"

त्या दिवशी पानांतलं मीठ पहिल्या वाटीलाच संपलं. वाढपी मिठाची वाडगी घेऊन पळत होते. हे वाटेत उभे राहिले, पानं बघितली आणि घरी येऊन तसेच झोपले.

मला त्यातून एवढंच कळलं की ह्यांना वाईट वाटलंय. वाढत्या वजनाशी त्याचा धागा मी जोडला नाही. मला वाटलं, जिभेला चटक लागलीय, बाहेर कुठंतरी चोरून खाताहेत. मग काय, मी पहाराच बसवला. कोटाचे खिसे उलटे केले. बोटांचा वास घेतला. लसूण सोलायला म्हणून ह्यांच्याबरोबर कामांवर जायला लागले. लोक म्हणायचे, वहिनी आता आचाऱ्यावर आचारी झाल्या. म्हणू देत. पण हे खरोखर काही खात नव्हते. फरसाण पुढे केलं तर हात जोडायचे. घरी आले की माझं अळणी मुकाट्याने जेवायचे. आणि दुसऱ्या दिवशी काटा वर.

शेवटी मी एकदा देवापुढे निरांजन लावलेलं असताना ह्यांना उभं केलं आणि विचारलं, खरं सांगा.

"शलाकाची शपथ," हे म्हणाले. "तू बंद केल्यापासून मिठाचा कण तोंडात घातलेला नाही."

ह्या माणसाने जन्मात खोटी शपथ घेतलेली नव्हती. चोरी सापडली असती तर मी भांडले असते, रडले असते, बरणीसारखी ती वाटही बंद केली असती. पण चोरी नव्हतीच. म्हणजे आता पथ्याचं काही चालत नाही, आतलं दुखणंच हाताबाहेर गेलंय, असा त्याचा अर्थ. त्यानंतर मला घरात एका जागी बसवेना. पत्रिका वाटायच्या, बस्ता बांधायचा, आणि मी आपली उठून उठून ह्यांच्या पायाकडे बघून येत होते.

मुळीकबाईंनी गोळी वाढवली. तिनं लघवी खूप व्हायला लागली, पण पोटऱ्यांत गोळे यायला लागले, छातीत मधूनच फडफड व्हायला लागली. बाई म्हणाल्या, गोळीने पाण्याबरोबर दुसरा एक क्षार वाहून जातो, तो केळ्यात असतो, शहाळ्यात असतो. तपासून घेऊ, आणि मोजून देऊ, आपल्या मनाने पोतंभर केळी आणू नका. माझा स्वभाव एव्हाना त्यांना कळला होता. मग ह्यांना बाहेर बसवून त्या मला म्हणाल्या, "वहिनी, मीठ कुठून तरी जातंय."

मी शपथेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तसं असेल तर घरी ठेवण्यात अर्थ नाही, साताऱ्याला दाखल करू. मी एकादशीपर्यंतची मुदत मागून घेतली. एकादशीला मठात ह्यांचा फराळ असायचा. लग्नाआधीचं ते शेवटचं काम, तेवढं झालं की जाऊ, असं ह्यांनीच म्हटलं होतं.

एकादशीला मी मठाच्या मागच्या पडवीत शेंगदाण्याचं कूट करत होते. हे वऱ्याच्या तांदळाच्या पातेल्याशी उभे होते. एका हाताने कंबर धरलेली, पाय घोट्यांपाशी सुजून ओघळलेले. फराळात नेहमीचं मीठ चालत नाही, सैंधव घालतात. ते घालून झालं. मग ह्यांनी कमरेच्या बटव्यातून काहीतरी काढलं, सुपारी काढावी इतक्या सहज, आणि तोंडात टाकलं. गालात खडा फिरला. डोळे मिटून उभे राहिले, हात पुढे करून बोटांची चिमूट जुळवली, सोडली, पुन्हा जुळवली.

मी उठले आणि बटवाच ओढला. लवंगांच्या शेजारी पांढरे, जरासे गुलाबी खडे होते. एक मी जिभेला लावला, आणि तोंड इतकं खारलं की डोळ्यांत पाणी आलं.

"हे काय आहे?"

"सैंधव." हे माझ्याकडे असे बघत होते की जणू मलाच काहीतरी झालंय. "उपासाचं."

"आणि शपथ?"

"अगं, मी मीठ सोडलंय. सैंधव म्हणजे मीठ असतं तर उपासाला चाललं असतं का?"

जन्मभर ज्या माणसाने एकादशीच्या दिवशी मिठाचा डबा चुलीच्या आसपास फिरकू दिला नाही आणि सैंधव मात्र मुठीने वापरलं, त्याला काय सांगणार? त्याच्या लेखी ह्या दोन वस्तू होत्या, एक बाटवणारी आणि एक पवित्र. शपथ खरी होती. मी दुपारीच, फराळाची पातेली हौसाबाईंवर टाकून, ह्यांना आहेत त्या कपड्यांत मुळीकबाईंसमोर नेऊन बसवलं.

बाईंनी खडा हातात घेऊन बघितला. म्हणाल्या, काका, एक डोंगरातून येतं, एक समुद्रातून, शरीराला दोन्ही एकच. हे ऐकायला तयार नव्हते. उलट बाईंनाच शिकवायला लागले. म्हणाले, मीठ पाणी साठवतं हे मला पटतच नाही, मी उभा जन्म बघतोय, कोचवलेल्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, मीठ पाणी बाहेर काढतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि ते सुटलेलं पाणी जातं कुठं?"

"कुठं जाणार? पातेल्यात."

"म्हणजे मीठ जिथं, तिथं. काका, मीठ आपल्याकडे पाणी ओढून घेतं आणि धरून ठेवतं. तुमचं पातेलं म्हणजे तुमचे पाय. रोज पातेल्यात मीठ टाकता आणि रोज म्हणता, पाणी का सुटलं."

हे आपल्या पायांकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "बाई, मला खायची हौस नव्हती." आणि मग पसरणीची आमटी सांगितली. महिनाभर अळणी खाऊन जीभ अशी झाली होती की बेताचं मीठही खारट लागायचं. जिभेला मीठ आठवत राहावं म्हणून दिवसातून चारदोनदा खडा गालात धरायचा. दुसऱ्याच्या मुंजीत फजिती झाली ती झाली, पण शलाकाच्या लग्नात लोकांनी मीठ मागून घ्यायचं, हे ह्यांना सोसणार नव्हतं. मी खिडकीकडे तोंड केलं. इतके दिवस मी ज्याला जिभेचा चोचला समजत होते ते हे होतं.

बाईंनी मलाही सोडलं नाही. म्हणाल्या, अगदी बंद करायला मी सांगितलं नव्हतं, थोडं शरीराला लागतंच, नाहीतर उद्या डोकं भ्रमायला लागेल. त्यांनी एक छोटा चमचा दाखवला, दिवसाचं एवढंच. सैंधव बंद. जीभ आता अशीच राहणार, म्हणाल्या, तुम्हाला बेताचं वाटेल ते लोकांना अळणी लागेल, त्याला इलाज नाही.

बटवा मी बाईंच्या टेबलावरच रिकामा केला. काटा उतरायला लागला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी नडगी दाबली तर अंगठ्याखाली हाड लागलं, आणि मी तिथंच ह्यांच्या पायावर डोकं टेकून रडले. हे म्हणाले, अगं, नमस्कार लग्नात करायचा. दाखल व्हायची वेळ टळली होती. पण मिठाचं काय करायचं हे मी विचारलं की हे उत्तर टाळत होते. मी सुचवलं, नैवेद्यानंतर हौसाबाईंना चाखू दे, त्या सांगतील कमीजास्त. हे म्हणाले, बघू.

लग्नाच्या दिवशी हे पहाटेच चुलीपाशी गेले, मुहूर्ताला मांडवात आले, कन्यादान केलं आणि सोवळ्यानिशी पुन्हा चुलीकडे गेले. नैवेद्य झाल्याचं कळलं तेव्हा मी विहिणीची ओटी भरत होते. लांबून दिसलं, ह्यांनी आमटी तळहातावर घेतली, चाटली, मान हलवली आणि म्हणाले, वाढायला घ्या. हौसाबाईंना विचारलं नाही. त्या आपल्या मनानेच तळहातावर सगळं चाखून माझ्याकडे धावत आल्या.

"वैनी, मीठ कमी हाय. आमटीत, भाजीत, समद्यात. येळ हाय तवर सांगू का मालकाला?"

माझ्या हातात खण होता, पुढे विहीणबाई. मांडव माणसांनी भरलेला. लेकीच्या लग्नात, सगळ्यांच्या देखत, ह्यांना कुणी येऊन सांगायचं की तुमची जीभ गेली? मी म्हणाले, नको सांगू. आज नको.

आणि मग मी भोगलं. पहिली पंगत बसली आणि लोकांची बोटं पानाच्या कडेला जायला लागली. भातात मीठ, आमटीत मीठ, मग कुणीतरी हाक मारली, मीठ आणा रे. वाढप्यांनी वाडगी काढली. ह्यांचे मामेभाऊ भर पंगतीत म्हणाले, वामन, लेक चालली म्हणून मीठ विसरलास की काय? लोक हसले. हे कमरेवर हात ठेवून उभे होते, म्हणाले, "हो, विसरलो." पानं उचलली गेली तेव्हा हे नेहमीसारखे वाटेत उभे राहिले. एका पानात मीठ उरलेलं नव्हतं. दुसऱ्या पंगतीतही नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि ह्यांच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं.

शेवटची पंगत घरच्यांची. आचारी कधी पंगतीत बसत नाही, चुलीशेजारी उभ्याउभ्या चार घास खातो. हे हातपाय धुऊन आले आणि शलाका-जावयांच्या समोरच्या पाटावर बसले. शेजारच्या पाटाकडे बोट दाखवून मला म्हणाले, बस. मी आधी वाढते म्हणाले. हे म्हणाले, आज मागाहून नाही.

हे जेवले. मी त्यांना असं जेवताना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. आमटी भुरकली, मसालेभात दोनदा घेतला, घासाआधी थांबले नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. शलाकाने समोरून जिलबीचा तुकडा ह्यांच्या पानात ठेवला, तोही खाल्ला. मला राहवेना. मी हळूच म्हणाले, हात चुकला म्हणून मनाला लावून घेऊ नका.

"चुकला नाही," हे म्हणाले. "मोजून घातलंय. बाईंनी मला जेवढं सांगितलंय तेवढं."

"सगळ्यांना?"

"लोकांच्या पानात मीठ होतं की. त्यांनी घेतलं. मी वरून कमी कसं करणार? लेकीच्या लग्नाचं जेवण मी काय नुसतं बघायचं होतं?"

मी खाली मान घालून भाताचे दोन घास घेतले आणि पान संपवलं. वर बघितलं तर हे माझ्या पानाकडे बघत होते. पानाच्या वरच्या बाजूला वाढलेली मिठाची चिमूट जशीच्या तशी होती, बोट न लागलेली. ह्यांच्या पानात एक, माझ्या पानात एक. साऱ्या पंगतीत तेवढ्याच दोन.

"तुझं मीठ तसंच आहे," हे म्हणाले.

"राहू दे की."

"तुला अळणी नाही लागलं?"

ह्यांना कुणी सांगायला नको होतं. अळणी जेवणाऱ्याची जीभ कशी होते हे त्या मांडवात ह्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्याबरोबरच," मी म्हणाले. "दोन स्वयंपाक कोण करणार?"

हे उठले, माझ्यासमोर वाकले आणि माझं पान मिटायला लागले. आमच्याकडे नवऱ्याने बायकोचं उष्टं पान कधी कुणी उचललेलं मी बघितलं नव्हतं. मी म्हणाले, अहो, ठेवा ते, विहीणबाई बघताहेत. ह्यांनी ऐकलं नाही. मीठ सांडू न देता माझं पान मिटलं, त्यावर आपलं ठेवलं आणि दोन्ही पानं छातीशी धरून सगळ्यांच्या मधून बाहेर घेऊन गेले.